आजीव वर्गणीचा दर

मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, हे सत्य गोरख कुंभार यांच्या दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याच्याच खाली निळ्या अक्षरांत, संपूर्ण संच साधा, मध्यम आणि विशेष अशा तीन प्रकारांत मिळेल, असंही लिहिलेलं होतं.

दुकान विट्यात, मोटार स्टँडच्या मागच्या रस्त्याला. वडील पाण्याचे माठ घडवायचे. घरोघरी फ्रीज आले आणि माठ गेले, तेव्हा बावीस वर्षांच्या गोरखच्या लक्षात आलं की कितीही यंत्रं आली तरी माणशी एक मडकं लागणारच आहे. मग मडक्याबरोबर बांबू आले, सुतळी आली, कोरं कापड, गोवऱ्या, कापूर, गुलाल आणि काळे तीळ आले. पस्तीस वर्षांत दुकानात एकदाही घासाघीस झाली नाही. असा धंदा तालुक्यात दुसरा नव्हता.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाईक निघालं की दुकानदाराने ‘या’ म्हणायचं नाही, आणि गिऱ्हाइकानेही ‘येतो’ म्हणायचं नाही. सुतकाच्या घरातून जसं कुणी सांगून निघत नाही, मुकाट्याने चप्पल घालून चालू लागतं, तसंच इथेही. नवख्या माणसाला हा दुकानदार शिष्ट वाटे. जुन्या माणसांना तोच सभ्य वाटे.

पॉडकास्ट सुरू झाला तो गलाईवाल्यांमुळे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं तीन पिढ्यांपूर्वी सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी बाहेर पडली आणि देशभर पसरली. अमृतसरला सराफकट्ट्यात जा, कोलकात्याला जा, केरळात जा, एखाद्या बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस ‘काय पाव्हणं, गाव कंचं?’ म्हणून विचारतोच. गावात कोण गेलं हे या लोकांना वेळेवर कळायचं नाही. मोबाइलवर गावाचे ग्रुप होते, पण त्यांवर रोज सकाळी फुलांची इतकी चित्रं यायची की सुप्रभातचं कोणतं आणि श्रद्धांजलीचं कोणतं, हे ओळखू यायचं नाही.

तेव्हा गोरखने दर रविवारी आठवडाभराच्या निधनवार्ता रेकॉर्ड करून पाठवायला सुरुवात केली. नाव ठेवलं, ‘कळविण्यास दुःख होते’. प्रत्येक माणसाला तीन-चार मिनिटं. कोण होता, काय करायचा, कुणाच्या अडीनडीला धावला. गोरखचा आवाज जड आणि सपाट. त्यात खोटं रडं नव्हतं, म्हणून लोकांना खरं रडू यायचं. शेवटी एक ठरलेलं वाक्य: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ गलाईवाले सगळ्यात कान देऊन ऐकायचे ते हे वाक्य, कारण त्यात बहुतेकांचं नाव नसलं तरी ते स्वतः असायचे.

रेकॉर्डिंग दुकानाच्या आतल्या खोलीत होई. पुण्याच्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात म्हणे. इथे तिन्ही भिंतींना कोऱ्या कापडाचे तागे होते. आवाज जरासुद्धा घुमत नसे.

नऊ वर्षांत श्रोते अकरा हजार झाले. गावाकडे आईबाप एकटे, मुलं हजार मैलांवर. घटना घडली की मुलगा तिकडून पहिला फोन दवाखान्याला नाही, गोरखनानाला करायचा. धंदा तिप्पट झाला. आणि मग, ज्या ‘कर्णिका’ कंपनीच्या अ‍ॅपवर हा पॉडकास्ट ऐकला जाई, तिची वृद्धी-सल्लागार ऋजुता गुप्ते ही तिशीतली मुलगी पुण्याहून गाडी करून आली.

“नाना, शेवटपर्यंत ऐकणाऱ्यांचं प्रमाण तुमच्याकडे ब्याण्णव टक्के आहे,” ती म्हणाली. “आमच्या विनोदी कार्यक्रमांनासुद्धा हे जमत नाही.”

“मयताच्या मधनं उठून जाणं बरं दिसत नाही,” गोरख म्हणाला.

“पण एवढ्या श्रोत्यांतून तुम्हाला थेट मिळतं शून्य. आपण आधी प्रायोजक बघू. एखादा मोठा दवाखाना?”

“लोक विचारतील, गेलेला त्याच दवाखान्यात होता का.”

“बरं. विमा कंपनी?”

“ते आमच्या भगवान तोडकरांचं क्षेत्र. निवृत्त झालेत, पण राग येईल त्यांना.”

ऋजुताने टॅबवर दोन ओळी खोडल्या. “मग निदान एक करा. शेवटी म्हणा, पुढच्या रविवारी पुन्हा भेटू.”

गोरखने तिला रीत समजावून सांगितली. तिने नीट ऐकून घेतली.

“पण नाना, ‘पुन्हा भेटू’ म्हटलं नाही तर श्रोता परत येत नाही, हे सिद्ध झालंय.”

“आमच्यात म्हटलं तर येत नाही.”

गोरखची बायको मंगल चहा घेऊन आली होती. तिने ऋजुताला विचारलं, “तुमचं लगीन झालंय का?” ऋजुता नाही म्हणाली. “मग कप इथं दुकानात नका घेऊ, आत चला,” म्हणून मंगलने तिला ओट्यावरून उठवून घरात नेलं. आत, देव्हाऱ्याशेजारच्या खुर्चीत बसून ऋजुताने आजीव वर्गणीची योजना सांगितली.

ती समजण्यासाठी दोन्ही कानांत बोटं घालून बघावं. बाहेरचा आवाज बंद होतो आणि आत एक धबधब ऐकू येते. कानाची नळी बंद झाली की शरीराचाच आवाज तिच्यात कोंडतो. हृदयाची झडप मिटल्याचा ठोका, मानेतून वर चढणाऱ्या रक्ताच्या लाटेचा नळीच्या भिंतीला बसणारा धक्का, सगळं तिथे पोचतं. लाट कशी चढते आणि कशी ओसरते यावरून धमन्या किती ताठ झाल्यात, ठोका कुठे अडखळतो, हे कळू शकतं. इअरबडच्या आतल्या बाजूला बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी एक बारीक माइक असतोच. इतकी वर्षं कंपन्या ही धबधब कचरा म्हणून गाळून टाकत होत्या. मग ‘कर्णिका’च्या एका इंजिनिअरने विचारलं, की टाकतो त्यात काय असतं ते बघितलंय का.

कंपनीला कुणाच्या आरोग्यात रस नव्हता. तिचा प्रश्न धंद्याचा होता: कोणता श्रोता कधी सोडून जाणार. तिने चार कोटी कानांची धबधब यंत्राला दिली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, हा कान अमुक आठवड्यापासून आलेला नाही. कान का आला नाही, याला रकाना नव्हता. यंत्र शिकलं. आता ते नव्या कानाची चार रविवारची धबधब ऐकून सांगत असे, हा अजून किती आठवडे येईल. चार वर्षांपर्यंतचा अंदाज बरा येई, त्यापुढे ते नाद सोडून देई.

आजीव वर्गणी म्हणजे एकदाच पैसे भरून कायमचं सभासद. दर प्रत्येकाला वेगळा. यंत्राने सांगितलेले आठवडे गुणिले नऊ रुपये, जास्तीत जास्त एकोणीसशे नव्याण्णव.

“यात कुणाचा तोटा नाही,” ऋजुता म्हणाली. “जो जितकं ऐकेल तितकंच देईल.”

गोरखला ते न्यायाचं वाटलं. त्याने सही केली.

माणूस महाग घेतलेली वस्तू गुपचूप वापरतो आणि स्वस्तात मिळालेली गावभर सांगतो. महिन्याभरात विट्यात ज्याला त्याला दुसऱ्याचा दर पाठ झाला. एकोणीसशे नव्याण्णव आलेले लोक कंपनीला शिव्या देत होते. दोनशेत मिळालेले मिशीवर ताव देत होते. एकदा एका पतसंस्थेच्या माजी अध्यक्षाने नव्वद रुपयांत आजीव झाल्याचे पेढे वाटले.

मग ऋजुताचा फोन आला. आता दर महिन्याला ‘तयारीची यादी’ मिळेल, ती म्हणाली. ज्यांचे दहाहून कमी आठवडे उरलेत असे आपल्या भागातले श्रोते. “फक्त मालाच्या अंदाजासाठी, नाना. आयत्या वेळी बांबू मिळत नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

म्हणाला होता. पहिल्या यादीत चौदा नावं होती. गोरखने ती एकदाच वाचली आणि बुरुडाला बांबू सांगितले. त्यात लबाडी नव्हती. शेतकरीसुद्धा पावसाचा अंदाज बघून बियाणं आणतो, असं त्याने मंगलला सांगितलं. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

भगवान तोडकर रोज अकराला दुकानासमोरून जात. बहात्तर वर्षं वय, चाळीस वर्षं विमा एजंट, तालुक्यातल्या निम्म्या माणसांच्या मरणाची रक्कम त्यांनीच लिहिलेली. त्या दिवशी ते दुकानात डोकावले आणि गोरख खुर्चीतून उठून उभा राहिला.

तोडकर पायरीवरच थांबले. “तू उठलास?”

“उठलो. त्यात काय?”

“तीस वर्षांत उठला न्हाईस.” त्यांनी गोरखकडे बघितलं, मग भिंतीला टेकवलेल्या कोऱ्या बांबूंकडे. “मला छत्तीस रुपये आलेत. बायकोला एकोणीसशे नव्याण्णव. तिला वाटलं, मी कंपनीत वशिला लावला.”

तोडकरांनी बाकावर बसून खिशातून पेन काढलं, हातातल्या वर्तमानपत्राच्या कडेला चार-पाच जणांचे दर लिहिले, आणि त्या प्रत्येकाची तब्येत त्यांना तोंडपाठ होती. दोन मिनिटांत त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“हप्ता उलटा लावलाय,” ते म्हणाले. “लवकर जाणार त्याला आम्ही महाग लावायचो. ह्यांनी स्वस्त लावलंय. सगळे दर नवाच्या पाढ्यातले. नवाने भाग दिला की आठवडे. बरोबर?”

“तोडकरसाहेब, यंत्र हाय. चुकतंय.”

“माझी गोळी मी वेळेवर घेत न्हाई, हे त्याला कुणी सांगितलं?” ते उठले, बांबूंपाशी गेले, एकावरून अंगठा फिरवला. “हा नको. गाठ बाहेर आलीय, पोरांच्या खांद्याला टोचंल. आणि विशेष संच नको हां. मध्यम पुरे. चंदनाचा तुकडा म्हणून तू काय देतोस ते मला म्हाईत हाय.”

ते निघाले. गोरख त्यांच्या मागे पायरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ‘या’ म्हणायची रीत नव्हती. तोडकरही काही बोलले नाहीत. ते दुकानात गिऱ्हाईक म्हणून आले होते.

ते पंचविसाव्या दिवशी, दुपारी जेवून आडवे झाले असताना गेले. संच वीस मिनिटांत घरी पोचला. तोडकरांचा मुलगा रडत म्हणाला, “नाना, किती लगोलग आणलंत,” आणि गोरखने मान फिरवली. बांबू बिनगाठीचे होते. ते त्याने महिनाभर आधीच बाजूला काढून ठेवले होते.

त्याच आठवड्यात दुसरी यादी आली. अकरा नावं. दहा तालुक्यातली. अकरावं होतं, एम. कुंभार, त्रिशूर, सात आठवडे, त्रेसष्ट रुपये. पुढे ऋजुताचा शेरा: ‘केरळमध्ये वितरण नाही. भावी बाजारपेठ म्हणून नोंद.’

मच्छिंद्र हा गोरखचा थोरला भाऊ. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं त्रिशूरला गलाईचं दुकान. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो तिकडून निघाला. चारपर्यंत थांबायचं ठरलं. चारला त्याचा फोन बंद लागला. गोरखने आयुष्यभर तालुक्याला सांगितलं होतं की मयत ताटकळत ठेवू नये. स्वतःच्या आईच्या बाबतीत घड्याळ मोडलं तर लोक काय म्हणतील, हा विचार त्याच्या मनात आला. चार वाजून दहा मिनिटांनी थोरल्याचा मान धाकट्याने उरकला. मच्छिंद्र पावणेसहाला पोचला. त्याचं विमान उशिरा सुटलं होतं. तो स्मशानात गेला आणि गोरखला एवढंच म्हणाला, “दीड तास बी थांबाया झालं न्हाई तुला.”

सगळ्यांच्या देखत म्हणाला. त्या रविवारी, मच्छिंद्र घरातच सुतक धरून बसलेला असताना, गोरखने आईचा भाग रेकॉर्ड केला. सगळे म्हणतात तो त्याचा सर्वांत चांगला भाग. शेवटचं वाक्य होतं, ‘त्यांच्या पश्चात एक मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे.’ जीभ घसरली असं नंतर म्हणता आलं असतं. पण गोरखची जीभ कधी घसरत नाही, हे अकरा हजार लोकांना माहीत होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवल्यावर मच्छिंद्र कुणाला न सांगता निघून गेला. सुतकाच्या घरातून सांगून निघत नाहीतच. त्यामुळे तो रागावून गेला की रीतीप्रमाणे गेला, हे गोरखला तीन वर्षं कळलं नव्हतं. आणि आता यादीतल्या हजेरीच्या रकान्यावरून कळलं, की त्या दिवसापासून त्याने एकही रविवार चुकवलेला नव्हता.

“फोन करा,” मंगल म्हणाली.

“आन् काय सांगू? तीन वर्षांनी केला फोन, म्हणून सांगू का तुझं सात आठवडे राहिल्यात?”

“मयताच्या घरी काय बोलावं ते सगळ्या तालुक्याला शिकवता की.”

“दादा जित्ता हाय अजून.”

“तेच म्हणतीया मी. जित्त्या माणसाशी बोलायची सवयच मोडलीया तुमची.”

गोरखने चार आठवडे काढले. रोज फोन हातात घेई आणि बुरुडाला लावी. दुसऱ्या यादीतले दोघे त्या काळात गेले, अगदी अंदाजाप्रमाणे. पाचव्या आठवड्यात मंगलने त्याची पिशवी भरली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली, आणि त्याला मिरजेला नेऊन गाडीत बसवलं.

त्रिशूरच्या ज्या बोळात गलाईवाले बसतात तिथे गोरख सकाळी दहाला शिरला आणि बोळाच्या तोंडाशी असलेला पहिला माणूस भट्टी सोडून उभा राहिला. गोरखचा चेहरा पॉडकास्टच्या चित्रावर सगळ्यांनी पाहिलेला होता. “नाना, कोण?” त्याने हलक्या आवाजात विचारलं. “आमच्यापैकी कोण?” दुसऱ्याने गावी फोन लावायला सुरुवात केली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत सात दुकानं बंद झाली होती आणि सगळे डोक्याची टोपी काढून त्याच्या मागून चालत होते.

“कोण न्हाई गेलं,” गोरख परत परत सांगत होता. “सहज आलोय.” यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

मच्छिंद्र भट्टीपुढे मुशीत चिमटा घालून बसला होता. त्याने वर बघितलं, भावाला ओळखलं, मग त्याच्या मागची मिरवणूक बघितली.

“मी गेलो व्हय?” तो म्हणाला.

“न्हाई, दादा.”

“मग बस. हे आटंस्तवर उठता येत न्हाई.”

गोरख बसला. पस्तीस वर्षांच्या सवयीने डोळ्यांनी माप घेतलंच: पाच फूट सात इंच, साडेसात फुटी बांबू. त्याला स्वतःचीच शिसारी आली. मच्छिंद्रची बोटं भट्टीने काळी पडलेली होती, केस पांढरे झाले होते, पण पाठ ताठ होती आणि चिमटा धरलेला हात हलत नव्हता. कानात इअरबड नव्हते. ते खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत होते.

“दादा, त्या दिवशी तू न सांगता गेलास.”

“रीत न्हाई का ती?”

“रागावून गेलास का रीतीनं?”

मच्छिंद्रने मूस उचलून रस साच्यात ओतला. पिवळा धूर खाली बसू दिला. “तीन वर्सं हे इचाराया लागली तुला?”

“तू तरी कुठं फोन केलास?”

“मी कशाला करू? मी तर पश्चात न्हाईच.”

मग त्याने दुकानातल्या माणसाला चहा सांगितला. चहा येईपर्यंत दोघेही साच्याकडे बघत राहिले. चहा पिताना मच्छिंद्र म्हणाला, “तुझं ते आजीव मला त्रेसष्टात मिळत होतं. स्वस्त वाटलं. घेणार होतो. मग म्हटलं, ज्यानं आईला एकच मुलगा सांगितला त्याला त्रेसष्ट तरी का द्यावं.”

गोरखने कप खाली ठेवला. मरणाच्या दारात उभं राहून बोलायची सगळी वाक्यं त्याला येत होती, पण ती नेहमी दाराच्या अलीकडच्या माणसांना सांगायची असत. “दादा, उद्या दवाखान्यात जाऊया,” तो म्हणाला. “छातीची तपासणी करू.”

“कुणाच्या? माझ्या? काय झालंय मला?”

“काय न्हाई. माझं मन ठेव.”

मच्छिंद्रने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. गलाईवाल्याला धातूतलं भेसळीचं प्रमाण नुसत्या रंगावरून कळतं. “तुला काय तरी म्हाईत हाय,” तो म्हणाला. “बोल.”

गोरखने सांगितलं. धबधब, आठवडे, नऊ रुपये, तोडकर, यादी, सगळं. आपण बांबू आधी आणून ठेवले हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मच्छिंद्रने विचारलं, “किती राहिलं?”

“दोन. सव्वादोन.”

“मग उद्या नको. आजच जाऊ.”

तपासण्या दोन दिवस चालल्या. मल्याळी डॉक्टरबाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली, पट्ट्यावर चालवलं, रक्त बघितलं. साखर किंचित जास्त होती. बाकी, त्या म्हणाल्या, भट्टीपुढे चाळीस वर्षं बसलेल्या माणसाचं हृदय असं असणं हे आश्चर्य आहे. मच्छिंद्र म्हणाला, “मग यंत्राला काय दिसलं?”

गोरखने ऋजुताला फोन केला. हरकत घेण्यासारखं तिने काही केलं नव्हतं, आणि ती मदतीलाही तयार होती. “अंदाज कशावरून आला ते यंत्र सांगत नाही, नाना,” ती म्हणाली. “पण त्यांच्या कानाचा आलेख पाठवते.”

आलेख समजायला सोपा होता. रविवारी सकाळी कान यायचा, लाट एकसारखी चढायची, ओसरायची, आणि दर तीन-चार मिनिटांनी एका जागी ठोका चुकायचा. मग चार ठोके घाईने यायचे, मग पुन्हा सगळं संथ. गेल्या काही महिन्यांत ठोका जास्त जोरात चुकत होता आणि संथ व्हायला जास्त वेळ लागत होता. गोरखने आपलं रेकॉर्डिंग फोनवर लावलं आणि आलेखावर बोट ठेवून ऐकत गेला. दुसऱ्याच निधनवार्तेला त्याला कळलं. ठोका चुकत होता तो ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांवर. दर रविवारी, दर माणसाच्या शेवटी. तीन वर्षांत, गोरखने मनातल्या मनात हिशेब केला, हजारभर वेळा तरी.

यंत्राने हे कोणत्या रोगात धरलं, ते यंत्रालाच ठाऊक. त्याला रोगांची नावं कुणी शिकवलेली नव्हती.

त्याने आलेख मच्छिंद्रला दाखवला नाही. शनिवारी दुपारी त्याने विचारलं, “दादा, उद्याचा भाग इथनंच करू का?” मच्छिंद्रने भट्टी विझवली, पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं आणि समोर स्टुलावर बसला. गोरखने त्या आठवड्यात गेलेली पाच माणसं सांगितली.

“एक दुरुस्ती,” तो म्हणाला. “तीन वर्षांपूर्वी हिराबाई यशवंत कुंभार यांच्या निधनाच्या वार्तेत चूक झाली. चूक नव्हती, मी तसं मुद्दाम म्हणालो. त्यांच्या पश्चात दोन मुलगे आहेत. थोरले मच्छिंद्र. अग्नीचा मान त्यांचा होता. दीड तास थांबता आलं असतं.”

त्याने फोन बंद केला. मच्छिंद्र जमिनीकडे बघत होता.

“परत म्हण,” तो म्हणाला.

“का? नीट झालं की.”

“मधी बाहेर रिक्षा वाजली.”

रिक्षा वाजलेली नव्हती. गोरखने ते परत म्हटलं.

तो भाग नेहमीपेक्षा जास्त ऐकला गेला. त्या आठवड्यात गोरखने आजीव वर्गणी आणि तयारीची यादी दोन्ही बंद केल्याचं कंपनीला कळवलं. ऋजुताने त्याच्या निर्णयाचा आदर करत असल्याचं उत्तर पाठवलं आणि योजना बाकीच्या दोन हजार पॉडकास्टना चालू ठेवली.

मच्छिंद्र ठणठणीत होता. मात्र त्यानंतर त्याने दोनच रविवार पॉडकास्ट ऐकला. तिसऱ्या रविवारी ऐकला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गोरखने विचारलं तेव्हा म्हणाला, “रोज सकाळी तुझा फोन असतो. आणखी किती ऐकू?”

‘कर्णिका’च्या तिमाही अहवालात त्रिशूरच्या कानाची नोंद आहे. अंदाज, सात आठवडे. प्रत्यक्ष, सात आठवडे. शेरा, अचूक.